शिंप्याच्या दारात



मागच्या दोन अंकांत हे सदर दिसले नाही म्हणून काही जणांनी विहारात चौकशी केली. आजारी नव्हतो. थोरल्या बहिणीचा मुलगा लंडनच्या एका सरकारी इस्पितळात नर्स आहे, त्याने तिकीट पाठवले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये मी पंधरा दिवस तिकडे जाऊन आलो. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय पाहिलेत? मी सांगतो, बाबासाहेबांचे घर पाहिले. मग विचारतात, आणखी काय? मी सांगतो, एक शिंप्याचे दुकान. यावर लोक हसतात. म्हणतात, तीस वर्षे कटिंगच्या टेबलाशी उभे राहिलात, साहेबाच्या देशात जाऊनही शिंपीच पाहिलात!

खरे सांगायचे तर ते दुकान पाहण्याची हौस माझी नव्हती, भाच्याची होती. त्याला सिनेमाचे भयंकर वेड. लहानपणी नायगावच्या चाळीत गणपतीत पडद्यावर लागणारा सिनेमा तो मागच्या बाजूने, उलटा बसूनसुद्धा पाहायचा. त्याचा सर्वांत आवडता इंग्रजी चित्रपट म्हणजे २०१४ सालचा ‘किंग्समन : द सिक्रेट सर्व्हिस’. किती वेळा पाहिला ते त्याचे त्यालाच ठाऊक. मला त्याने तिकडे गेल्यावर तिसऱ्या रात्री दाखवला. मारामारी फार आहे, ती मला आवडली नाही. गोष्ट मात्र ऐकण्यासारखी. लंडनच्या एका श्रीमंत गल्लीत एक शिंप्याचे दुकान असते. वरून शिंप्याचे दुकान, आतून गुप्तहेरांचे कार्यालय. तिथला एक हेर, कॉलिन फर्थ नावाच्या नटाने केलेला, एका गरीब वस्तीतल्या पोराला उचलून आणतो. पोराचा बाप याच हेराचा जीव वाचवताना गेलेला असतो. निवडीसाठी आलेली बाकीची मुले बड्या कॉलेजांतली. ती या पोराच्या बोलण्याला हसतात, कपड्यांना हसतात. शेवटी तेच पोर अंगावर बेतलेला सूट घालून उभे राहते.

सिनेमा संपल्यावर मी भाच्याला विचारले, “यात एवढे काय आहे रे?”

तो म्हणाला, “मामा, पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या मेसमध्ये मी गेलो होतो तेव्हा तुम्ही नव्हता.”

एवढेच बोलला. मी पुढे विचारले नाही.

चौदा एप्रिलला आधी आम्ही दहा, किंग हेन्रीज रोडला गेलो. १९२१-२२ साली शिकताना बाबासाहेब या घरात राहिले. हे घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मारक म्हणून खुले झाले. लंडनच्या त्या काळात बाबासाहेबांनी पोटाला किती चिमटे काढले ते आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. सकाळी पावाचा एक तुकडा आणि जरासा मासा, रात्री अभ्यास करताना भूक लागली की पापड, बसचे भाडे वाचवायला पायपीट. आम्ही वंदन केले. बाहेर आलो तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, आता माझ्या देवळात चला.” मी रागावलो नाही. तसा तो विहारातही नियमाने जाणारा मुलगा आहे.

त्याचे ‘देऊळ’ म्हणजे सॅव्हिल रो. मेफेअर नावाच्या धनवानांच्या भागातली एक गल्ली, आपल्या परळच्या एखाद्या गल्लीएवढीसुद्धा लांब नसेल. पण पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या जगातल्या कारागिरांना हे नाव ठाऊक असते. आमच्या कारखान्यात आमचे वस्ताद, कुणाचे काम चांगले झाले की ‘अरे, सॅव्हिल रोचा माल झाला’ म्हणायचे. ते नाव एका रस्त्याचे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हते, मला वाटायचे कुठल्या तरी मोठ्या शिंप्याचे नाव असेल.

पंधरा क्रमांकाला हेन्री पूल यांची पेढी, १८०६ साली सुरू झालेली. तीन क्रमांकाच्या गच्चीवर १९६९ च्या जानेवारीत बीटल्स मंडळींनी आपले शेवटचे जाहीर गाणे वाजवले, तिथे तरुण पोरे फोटो काढत होती. आणि अकरा क्रमांकाला हंट्समन. हेच भाच्याचे दुकान. १८४९ सालची पेढी, १९१९ पासून याच जागेत. चित्रपटाचा दिग्दर्शक मॅथ्यू व्हॉन हा मुळात या दुकानाचे गिऱ्हाईक, म्हणून सिनेमातल्या दुकानाचे बाहेरचे दर्शन त्याने इथेच चित्रित केले.

भाचा फुटपाथवर उभा राहून दाराकडे पाहत राहिला. मी म्हटले, “चल ना आत.” तो म्हणतो, “नको मामा, बाहेरूनच फोटो काढू.”

इस्पितळात मरणाशी झुंजणाऱ्या माणसांना हाताळणारा हा पोरगा, पण कपड्याच्या दुकानाच्या दारात त्याचे पाय अडले. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. दार बघून आपले पाय का अडतात हे आपल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. मीच पुढे झालो आणि दार ढकलले. इंग्रजी मला चार शब्द येते, पण दार ढकलायला भाषा लागत नाही.

आत एखाद्या जुन्या वकिलाच्या दिवाणखान्यासारखे वातावरण. कपड्याचे तागे, आणि भिंतीवर दोन सांबरांची शिंगांसकट मुंडकी. त्यांची गोष्ट भाच्याला पाठ होती. १९२१ साली एक गिऱ्हाईक ती इथे ठेवून जेवायला गेले ते परत आलेच नाही, असे सांगतात. शंभर वर्षे झाली, मुंडकी तशीच आहेत. आमच्याकडे गिऱ्हाईक ट्रायलला आले नाही तर महिन्याने आम्ही कापड विकून टाकायचो.

गळ्यात टेप टाकलेला एक तरुण कटर पुढे आला. काय हवे म्हणून नम्रपणे विचारले. भाच्याने खरे ते सांगून टाकले, की घ्यायचे काही नाही, सिनेमा पाहून आलोय. तो हसला आणि म्हणाला, असे पुष्कळ येतात, या, बसा. तोवर माझे लक्ष पुतळ्यावर चढवलेल्या एका कोटाकडे गेले होते. मी नकळत त्याचा लॅपल उलटून आतली बाजू पाहिली. त्याबरोबर तो कटर भाच्याला म्हणाला, हे गृहस्थ शिवणकाम करतात काय? कपडा बाहेरून पाहतो तो गिऱ्हाईक, आतून पाहतो तो कारागीर. ही ओळख सगळीकडे सारखीच.

मग त्याने आम्हांला जे दाखवले ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या वाचकांत शिवणकाम करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत.

आपल्या बाजारात मिळणाऱ्या तयार कोटाच्या छातीत बक्रमसारखे कापड असते, ते गोंद लावून गरम इस्त्रीने चिकटवतात. त्याला फ्यूजिंग म्हणतात. मी आयुष्यभर तेच केले. दहा मिनिटांचे काम, पण दोन-चार धुलाया झाल्या की छातीवर फुगे येतात. इथे चिकटवणे नाही. घोड्याचे केस विणलेले कॅनव्हास आत घालून ते हाताने, बारीक तिरक्या टाक्यांनी कापडाला धरायचे. एकट्या लॅपलमध्ये असे शेकडो टाके. शिवणाऱ्याने लॅपल बोटावर गोल वळवून धरायचा आणि टाका घालत जायचा, म्हणजे तो वळण धरतो, इस्त्रीने दाबावा लागत नाही. एक कच्चा कोटही त्याने दाखवला. सगळा पांढऱ्या दोऱ्याने टाचलेला, बाही नुसती अडकवलेली. पहिल्या ट्रायलला असा कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतात, मग उसवतात, पुन्हा बेततात. अशा निदान तीन ट्रायल. प्रत्येक गिऱ्हाइकाचे बेतकागद वेगळे आणि ते जपून ठेवलेले. या गल्लीतल्या पेढ्यांची २००४ साली स्थापन झालेली संघटना आहे. तिच्या नियमाप्रमाणे कोट-पँटला किमान पन्नास तास हातकाम झालेच पाहिजे. हंट्समनकडे त्याहून जास्त, ऐंशीच्या आसपास तास जातात. कापणारा वेगळा, कोट शिवणारा वेगळा, पँट शिवणारा वेगळा.

भाच्याने विचारले, नुसत्या मापाने एवढे बरोबर कसे बसते? तेव्हा त्या कटरने त्याला आरशासमोर उभे केले, टेप न लावता नुसते दोन्ही तळवे त्याच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले आणि म्हणाला, डावा खांदा खाली आहे. टेपला हे कळत नाही, हाताला कळते.

मला त्या घटकेला माझे वडील आठवले.

वडील खेड तालुक्यातले. गावात शिंपी एकच. महारवाड्यातली माणसे त्याच्या ओसरीच्या खाली उभी राहायची. तो अंगाला हात लावून माप घेत नसे. जुना सदरा पायरीवर ठेवायला सांगे, काठीने ओढून घेई आणि त्यावरून अंदाजे कापड कापी. जुना सदरा नसेल तर लांबूनच नजरेने. म्हणून वडिलांचा तरुणपणीचा प्रत्येक सदरा ढगळ. १९५० नंतर ते मुंबईला गिरणीत लागले. १९५६ च्या दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षेला जायचे म्हणून पांढरा शर्ट शिवायला मदनपुऱ्यात एका मुसलमान मास्तरकडे गेले आणि सवयीने जुना सदरा पुढे केला. मास्तरने तो बाजूला सारला, ‘इधर आओ’ म्हणाला आणि दोन्ही हात खांद्यांवर ठेवून वडिलांना सरळ उभे केले. वडील सांगायचे, त्यांना काय करावे ते कळेना, अंग आखडून गेले. मास्तर म्हणाला, श्वास सोड, नाहीतर छाती चुकेल.

दीक्षाभूमीवरची गर्दी, बाबासाहेबांचा आवाज, बावीस प्रतिज्ञा, हे सगळे वडील सांगायचेच. पण त्याआधी नेहमी या शर्टाची गोष्ट यायची. लहानपणी आम्हांला कंटाळा यायचा. मोठ्या गोष्टीच्या आधी ही छोटी गोष्ट कशाला, असे वाटे.

कापड अंगावर कसे पडावे यावरून आपल्या माणसांवर काय काय लादले गेले ते आठवा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना मेलेल्यांची वस्त्रे नेमून दिली. इंदूरकडच्या पंधराहून अधिक गावांत बलाई समाजाला जरीकाठी पागोटे नको, रंगीत काठाचे धोतर नको, बायकांना सोन्याचांदीचा दागिना नको, असे फर्मान काढले गेले. त्याची बातमी १९२८ च्या जानेवारीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली होती, ती बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात घेतली आहे. आणि १९२७ च्या डिसेंबरात, महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर, बाबासाहेब तिथे जमलेल्या आयाबहिणींशी बोलले ते कशावर? लुगडे कसे नेसावे यावर! गुडघ्यापर्यंतचे आखूड नेसणे सोडा, पायघोळ नेसा, अंगावर चांदीची वजने बाळगू नका, लुगडे फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, वेषावरून कुणी तुमची जात ओळखता कामा नये. दुसऱ्या दिवशी बाया नव्या तऱ्हेने नेसून आल्या. एका रात्रीत!

म्हणून चौकातल्या पुतळ्याच्या अंगावर सूट का, असा प्रश्न कुणी शहाणा विचारतो तेव्हा मला कीव येते. गोलमेज परिषदेला बाबासाहेब सुटात बसले. पंचा नेसणे हा ज्याच्याजवळ धोतर-अंगरखा होता त्याचा त्याग. ज्याला अंगरखाच घालू दिला नव्हता त्याने काय टाकायचे? नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट जपून ठेवले आहेत. सहलीने गेलात तर पोरांना टाईपरायटरबरोबर तेही दाखवा.

हे सगळे मी त्या कटरला सांगू शकलो नाही. भाच्याने थोडेफार सांगितले असावे, कारण निघताना त्याने माझा हात बराच वेळ धरला.

बाहेर आल्यावर मात्र मामा-भाच्यांचे वाजले. किंमत विचारायचे धाडस भाच्याने केले होते. पाच हजार पौंडांच्या पुढे. म्हणजे आपले साडेपाच लाखांच्या वर. भाचा म्हणाला, “मामा, डिसेंबरात माझे लग्न. दोन वर्षे पैसे साठवतोय. एक सूट शिवूनच टाकतो.”

माझे डोके फिरले. म्हटले, “साडेपाच लाख? तुझ्या आईने लोकांच्या घरची धुणी धुऊन तुला शिकवले ते एका कोटासाठी? गावच्या विहारावर पत्रे नाहीत. चार पोरांची कॉलेजची फी भरेल त्यात.”

तो म्हणाला, “हे मला सांगा, पण हेच तुम्ही इथल्या लॉर्डच्या पोराला सांगाल का? आपण चांगले ल्यायचे ठरवले की लगेच विहाराचे पत्रे आठवतात.”

याला मला उत्तर देता आले नाही. अजूनही पुरते सुचलेले नाही. उधळपट्टी ती उधळपट्टीच, ती करणाऱ्याची जात पाहून मोठी-लहान होत नाही, असे मला वाटते. पण त्याच्या बोलण्यातला काटाही खरा आहे.

रागाने मी पुढे चालू लागलो आणि वाटेत थबकलो. या गल्लीतल्या इमारतींना तळघरे आहेत, त्यांच्या खिडक्या फुटपाथच्या पातळीला. वाकून पाहिले तर खाली दिव्याच्या उजेडात कारागीर बसलेले. एक मुलगी कोटाची बाही मांडीवर घेऊन काज करत होती, बोटात अंगुस्तान. वर गालिचे, खाली सुया, हे तिकडेही आहेच. मात्र एक गोष्ट भाच्याने सांगितली ती आपल्या भगिनींसाठी नोंदवतो. शिवायला बायका चालतात, पण कातर पुरुषाच्या हाती, अशी या गल्लीतही वहिवाट होती. कॅथरिन सार्जंट नावाच्या बाई २००९ साली इथल्या एका जुन्या पेढीच्या मुख्य कटर झाल्या, अशा पहिल्याच. २०१६ साली त्यांनी याच गल्लीत स्वतःच्या नावाचे दुकान टाकले.

गल्लीच्या वरच्या टोकाला कंड्युइट स्ट्रीट लागतो. तिथे भाच्याचा राग निवळला, कारण तिथेही सिनेमा होता! जेम्स बाँडचा पहिला चित्रपट ‘डॉ. नो’ १९६२ चा. शॉन कॉनरी हा एडिंबरोच्या कामगार वस्तीतला. आई घरकाम करणारी, बाप कारखान्यात आणि ट्रकवर. याने स्वतः घरोघरी दूध टाकले, शवपेट्यांना पॉलिश केले. दिग्दर्शक टेरेन्स यंग त्याला कंड्युइट स्ट्रीटवरच्या आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे, घेऊन गेला. सूट शिवून झाला, पण कॉनरी त्यात अवघडून वावरायचा. म्हणून यंगने त्याला सूट घालूनच झोपायला लावले, असे सांगतात. भाच्याला ही गोष्ट फार प्रिय. मला वडिलांचे आखडलेले अंग आठवले, पण मी बोललो नाही, नाहीतर म्हणाला असता, मामा, तुम्ही माझ्याच बाजूचे!

त्यानंतर दोन दिवस सुटाचा विषय निघाला नाही. निघायच्या आदल्या रात्री मी बॅग भरत होतो, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

“मामा, कॅनव्हास आपल्याकडे मिळते का हो? घोड्याच्या केसांचे?”

“मिळत असेल. शोधावे लागेल.”

“आणि ते टाके तुम्हांला येतील?”

मी म्हटले, येत नाहीत. एकसष्टाव्या वर्षी मोतीबिंदू काढला, काज मी करणार नाही, ते आपल्या कारखान्यातली जुनी कारागीर बाई करील, तिच्या हाताला तोड नाही. कापड हिंदमाताला पाहू. कापीन मी. तीन ट्रायल घेईन, आणि तुला तीनदा यावे लागेल, सबब चालणार नाही. तो म्हणाला, नोव्हेंबरातच रजा टाकतो.

टेप माझ्या बॅगेत असतेच. त्याला दिव्याखाली उभे केले. छाती एकोणचाळीस, कंबर चौतीस, तीरा पावणेअठरा, बाही साडेचोवीस. मग टेप गळ्यात टाकली आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. त्या कटरचे बरोबर होते. डावा अर्धा इंच खाली आहे. माझ्या वडिलांचाही तसाच होता. पोरगा अंग आखडून उभा होता. मी म्हटले, “श्वास सोड, नाहीतर छाती चुकेल.”